डोंगराचा पाऊस आणि किनाऱ्यावरचा फुगा

हवामान खात्यात जन्म काढलेल्या माणसाने लग्नाकार्याला जाऊ नये, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. पान वाढून होते न होते तोच शेजारचे गृहस्थ विचारतात, "काय मग, यंदा पाऊस कसा काय?" डॉक्टर असतो तर त्यांनी जीभ दाखवली असती, वकील असतो तर भाऊबंदकी सांगितली असती, मी हवामानवाला म्हणून माझ्या वाट्याला पाऊस! शिवाय त्या प्रश्नाबरोबर एक मिस्कील हसू असते. "तुम्ही सांगाल त्याच्या उलट होतं म्हणतात," हे वाक्य मी जिलबीच्या ताटावर बसून किती वेळा ऐकले, त्याची नोंद ठेवली असती तर तीही एक आकडेवारी झाली असती.

खरे सांगायचे तर मी अंदाज वर्तवणाऱ्यांपैकी नव्हेच. मी साधा निरीक्षक. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीतला बराच काळ किनाऱ्यावरच्या वेधशाळांत गेला आणि तिथे माझे मुख्य काम एकच होते : फुगा सोडणे. आमचे चिरंजीव लहान असताना शाळेत "वडील काय करतात?" असे विचारले की "फुगे सोडतात" म्हणून सांगत. मास्तरांनी माझ्याविषयी काय समजूत करून घेतली असेल कोण जाणे!

पण हा फुगा जत्रेतला नव्हे. फुगवल्यावर तो माणसाच्या उंचीच्या आसपास भरतो. त्यात हायड्रोजन असतो, म्हणून जवळपास विडी-काडीची गोष्ट नको. त्याच्याखाली एक छोटी छत्री, मग लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला एक डबी. या डबीला रेडिओसाँड म्हणतात. वर जाता जाता ती दर क्षणी खाली कळवत राहते : इथे तापमान इतके, हवेत बाष्प इतके, दाब इतका. डबी कुठल्या बाजूला किती वाहवली यावरून त्या त्या उंचीवरचा वाराही कळतो. मिनिटाला साधारण ३०० मीटर या चालीने तो चढतो, वर हवा विरळ होते तसतसा फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो. मग छत्री उघडते आणि डबी खाली येते. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत ही डबी चांगली वजनदार असे. आताची तळहातावर मावते आणि आपला ठावठिकाणा उपग्रहांना विचारून स्वतःच सांगते.

आमचे वरिष्ठ याहूनही जुन्या काळातल्या गोष्टी सांगत. तेव्हा नुसता फुगा सोडून दुर्बिणीने त्याचा माग काढायचा. रात्रीच्या अंधारात फुगा दिसावा कसा? तर त्याला कागदी कंदील बांधून आत मेणबत्ती लावायची! दिवाळी असो की नसो, वेधशाळेचा आकाशकंदील रोज रात्री आकाशात चढत असे, आणि खाली एक माणूस मान वर करून त्या ठिपक्याचे कोन टिपत असे.

हे सारे जगभर एकाच वेळी चालते, ही त्यातली मौज आहे. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच आणि संध्याकाळचे साडेपाच या दोन वेळांच्या नोंदींसाठी फुगे थोडे आधी सोडतात. त्याच सुमारास जपानात, युरोपात, अमेरिकेत कोणीतरी दोरी सोडत असतो. वैर असलेले देशही हे आकडे एकमेकांना देतात. हवेला पासपोर्ट लागत नाही, हे शहाणपण निदान या एका खात्याला सुचले आहे.

आता या फुग्याचा आणि डोंगराचा संबंध काय, ते सांगतो. तो संबंध मला पुस्तकाआधी माझ्या ताईने विचारायला लावला.

ताईचे सासर महाडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. वाडीच्या मागे कडा, पुढे उतरती भातखाचरे. पावसाळ्यात मी घरी गेलो की ती म्हणायची, "बापू, तुमचा रेडिओ म्हणतो कोकणात पाऊस. अरे, कोकणात पाऊस हे आम्हाला रेडिओने कशाला सांगायला हवं? डोंगर धरून पडणार का नुसता शिंतडून जाणार, ते सांग."

ताईची शाळा चौथीपर्यंत. पण प्रश्न अगदी नेमका होता. कोकणात पाऊस हा अंदाज नव्हे. सह्याद्रीच्या उतारावर आज ५० मिलिमीटर पडणार की ३००, हा अंदाज. आणि डोंगरातला पाऊस केवढा लहरी! महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून वीस किलोमीटरच्या आत पाचगणी. तिथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. घाट उतरून वाईला आलात की सात-आठशेवर समाधान. एकाच एस.टी.च्या एकाच तिकिटात तीन निरनिराळ्या देशांचे पावसाळे!

याचे कारण आपण भूगोलात घोकलेले असते : समुद्रावरचे वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. घोकताना मात्र एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. या वाक्यात दोन पात्रे आहेत, डोंगर आणि हवा. त्यांपैकी डोंगर कुठे जात नाही. ढग फिरतो, डोंगर फिरत नाही.

हे साधे वाटले तरी फार मोलाचे आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला ७३. ढगांचा तसा डोलारा सपाटीवर नेमका कुठे उभा राहील हे आधी सांगणे महाकठीण. डोंगराच्या बाबतीत मात्र अर्धे गणित आधीच सुटलेले असते. भिंत कुठे आहे, किती उंच आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, सारे ठाऊक. उरते ती हवा. तिच्यात पाणी किती, ती किती वेगाने आणि कुठल्या बाजूने येते आहे, एवढे कळले की डोंगर तिचे काय करणार ते बरेचसे सांगता येते. आणि ते कळायचे तर हवेला डोंगरापाशी पोहोचण्याआधी, म्हणजे किनाऱ्यावरच गाठले पाहिजे.

फुगा तेच करतो. पाहुणा पायरीवर येण्याआधी वेशीवरच त्याची चौकशी!

वाचकांनी कंटाळा केला नाही तर एक हिशेब सांगतो. मी तो पुष्कळ वर्षांपूर्वी कोऱ्या कागदाच्या पाठीवर केला होता आणि अजून मला त्याची गंमत वाटते. पावसाळ्यात वारा सेकंदाला १० मीटर वेगाने घाटाकडे येतो आहे असे धरा. जमिनीलगतचा एक किलोमीटर जाडीचा थर घ्या, आणि त्याची एकच मीटर रुंदीची पट्टी. एवढ्या पट्टीतून दर सेकंदाला सुमारे ११,००० किलो हवा घाटाकडे जाते. तुम्ही-आम्ही जिला 'काही नाही' म्हणतो तिचे हे वजन! ही दमट हवा हजार-बाराशे मीटर वर चढली की किलोमागे सुमारे ३ ग्रॅम पाणी तिला टाकावे लागते. म्हणजे सेकंदाला ३३ किलो पाणी. हे पाणी पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या तीसेक किलोमीटर पट्ट्यात पसरले, तर ताशी सुमारे ४ मिलिमीटर आणि दिवसाला शंभराच्या जवळपास. कागदाच्या पाठीवरचा हिशेब, पण घाटातल्या पावसाळी दिवसाशी ओळख सांगणारा!

आता यात वारा दुप्पट करा. पाऊस दुप्पट होतो. हवेत बाष्प दोन किलोमीटरपर्यंतच आहे की सहा किलोमीटरपर्यंत खच्चून भरले आहे, तेही बदलून पाहा. वर कोरडा थर असेल तर ढगाची वाढ खुंटते. नसेल तर तो उंच चढतो आणि वरून ओततो. वारा सरळ पश्चिमेचा असेल तर उत्तर-दक्षिण पसरलेल्या सह्याद्रीला तो छातीवर धडकतो. तिरपा असेल तर खांद्याला घासून जातो. खालची हवा जड आणि सुस्त असेल तर भिंत चढायचा कंटाळा करते आणि अलीकडेच तुंबते. या साऱ्या गोष्टी जमिनीवर उभे राहून दिसत नाहीत. दाराशी लावलेल्या पर्जन्यमापकाला त्यांतले काही कळत नाही. तो बिचारा पडलेले पाणी मोजणारा कारकून आहे. उपग्रहाला ढगांचे माथे उत्तम दिसतात, वरचे थरही कळतात. परंतु दाट ढगांखालच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतले बारकावे त्याला पुसट दिसतात. आणि घाटाचा व्यवहार तर तिथेच चालतो.

हे शास्त्र आपल्याच घाटावर घासूनपुसून पाहिलेले आहे, याचा मला अभिमान वाटतो. पुण्यात १९६२ साली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था निघाली. तिथल्या आर. पी. सरकार या शास्त्रज्ञांनी १९६६ साली डोंगरी पावसाचे एक गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. त्यांनी मुंबई ते पुणे असा सह्याद्रीचा छेद घेतला, सांताक्रूझच्या फुग्यांनी दिलेले वारा, तापमान आणि बाष्प यांचे आकडे त्यात घातले आणि किनाऱ्यापासून माथ्यापर्यंत कुठे किती पाऊस पडायला हवा ते काढले. मग पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून पाहिले. पाऊस माथ्याच्या किंचित अलीकडे सर्वांत जास्त पडतो आणि माथा ओलांडला की भराभर उतरतो, हे गणिताने दाखवले आणि नोंदींनीही. किनारपट्टीवरच्या साऱ्या पावसाचा हिशेब मात्र एकट्या डोंगराने लागत नव्हता. तिथे हवेची स्वतःची चंचलताही आहे, हेही त्यातून कळले. आजच्या महासंगणकांपुढे ते गणित लहान वाटेल. पण किनाऱ्यावरचा एक फुगा घाटावरचा पाऊस सांगू शकतो, ही गोष्ट तेव्हा आपल्याच माणसाने आपल्याच घाटावर करून दाखवली.

पुढे जगात इतरत्रही हाच धडा गिरवला गेला. १९९९ च्या शरद ऋतूत आल्प्सच्या पावसाचा मोठा अभ्यास झाला. २०१५-१६ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या वायव्य टोकाला ऑलिंपिक पर्वतावर झाला. दोन्हीकडे नेहमीपेक्षा अधिक फुगे सोडून डोंगरावर येणाऱ्या हवेची झडती घेतली. तिकडे आणखी एक प्रश्न असतो : शून्य अंशाची रेघ किती उंचीवर आहे? तिच्यावर हिम पडते आणि जागीच बसते, तिच्याखाली पाऊस पडतो आणि नदीत धावतो. ती रेघ चारपाचशे मीटर वर सरकली तर तोच ढग पूर आणतो. आपल्या हिमालयातही हाच प्रश्न आहे. सह्याद्रीला बर्फाची काळजी नाही. आमच्याकडे जे पडते ते सगळेच धावते.

आमच्या पावसाळी फुग्याची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. जूनच्या मध्यानंतर किनाऱ्यावरून फुगा सोडला की तो आधी पूर्वेला, घाटाकडे निघतो. खालचे वारे पश्चिमेचे ना! पण सहा-सात किलोमीटर चढला की वारा फिरतो. वर पूर्वेकडून येणारे वारे असतात, आणि पंधरा किलोमीटरच्या आसपास तर त्यांचा मोठा झोत वाहतो, पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली तो जगापुढे मांडला. मग आमचा फुगा सासरच्या वाटेला लागलेल्या मुलीने नाक्यावरून माहेरी परत फिरावे तसा वळतो, आमच्या डोक्यावरून मागे जातो आणि बहुधा समुद्रात पडतो. एकदा एका कोळीदादाने जाळ्यात सापडलेली डबी वेधशाळेत आणून दिली आणि दबकत विचारले, "साहेब, फुटणार तर नाही ना ही?" मी म्हटले, "नाही दादा. हिला सांगायचं होतं ते सांगून झालंय."

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल की आता सगळे सुटले. तसे नाही. फुगा सोडायचा दिवसातून दोनदा, आणि पाऊस दोन तासांत होत्याचे नव्हते करतो. फुग्यांची ठाणी मोजकी : पश्चिम किनाऱ्यावर मुंबई, पणजी, मंगळूर, कोची, तिरुअनंतपुरम अशी, मधली अंतरे शेकडो किलोमीटरांची. ती जागा रडार, उपग्रह आणि संगणक भरून काढतात. संगणकाची जाळीही आता बारीक होते आहे. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या 'भारत' अंदाज प्रणालीत एक चौकट ६ किलोमीटरांची आहे. सह्याद्रीच्या वीस-तीस किलोमीटरांच्या उतारावर पूर्वी दोन-तीनच चौकटी बसत. आता चार-पाच बसतात. महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे, तिथे थेंब कसा मोठा होतो ते पाहतात. तरीही कोणता कडा सुटेल, कोणत्या वाडीवर येईल, हे कोणताही फुगा सांगत नाही.

आणि नेमके तेच ताईला हवे होते.

२२ जुलै २०२१. त्या दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात होते. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर संध्याकाळी दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. महाबळेश्वरला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वाईला वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या जवळपास तेवढा एका दिवसात! फोन बंद होते. ताईचा आवाज दोन दिवसांनी ऐकला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आम्ही आहोत." तळीयेत तिच्या जावेचे माहेर होते. तिथे ते उरले नव्हते.

त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण झाले होते. तिथे दीडशेवर माणसे मातीखाली गेली. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. ही नावे आता आपण तारखांसारखी पाठ म्हणतो.

तेव्हापासून ताईने माझ्यावर एक काम सोपवले आहे. फुग्यांनी दिलेले आकडे हल्ली इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. मी पावसाळ्यात रोज सकाळी चहाबरोबर ते पाहतो. दीड किलोमीटरवरचा वारा आधी पाहतो, कारण तीच साधारण घाटमाथ्याची उंची, मग दिशा, मग बाष्प किती वरपर्यंत भरले आहे ते. जोडीला खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा. शेवटचा शब्द खात्याचाच. मी फक्त त्याचा अर्थ ताईच्या भाषेत सांगतो. "ताई, वारा जोराचा आहे, सरळ पश्चिमेचा आहे आणि ओल वरपर्यंत आहे. इशारा लाल आहे. आज शाळेत झोपायला जा."

जाणे सोपे नसते हो! दोन म्हशी, एक गाभण गाय, सुनेचे तान्हे मूल, सत्तरी ओलांडलेले भावोजी. पावसात अर्धा मैल चिखल तुडवून शाळेच्या फरशीवर रात्र काढायची, आणि सकाळी परत येऊन पाहावे तर घर जागच्या जागी, कौलही हललेले नाही. दोन पावसाळ्यांत अशा पाच रात्री झाल्या. पाचही वेळा काही झाले नाही. वाडीतली पोरे हसू लागली, "मामांचा फुगा पुन्हा फुटला वाटतं!" भावोजी तर एकदा सरळ म्हणाले, "बापूराव, आमच्या म्हशीसुद्धा आता तुमच्या अंदाजावर विश्वास ठेवत नाहीत."

मी माझ्या परीने समजावू पाहिले. पाऊस सांगितल्याप्रमाणे पाचही वेळा धो धो पडला होता. डोंगर सुटला नाही, एवढेच. फुगा पावसाची धास्ती सांगतो, दरडीची तारीख नव्हे. पण हे फोनवरून पटवायचे कसे? माझ्यापाशी आकडे होते. ताईपाशी त्याहून चांगले काही निघाले.

ती भावोजींना म्हणाली, "रात्री दाराला कडी घालता ना? ती काय रोज चोर येतो म्हणून?"

भावोजी गप्प बसले. मीही फोनवर गप्पच बसलो. तीस-पस्तीस वर्षे खात्यात राहून शक्यता आणि सावधगिरी यांचा संबंध मला इतका सोपा करून सांगता आला नव्हता.

म्हणून मला वाटते, डोंगराच्या पावसासाठी आपण अजून पुष्कळ करायला हवे. ऐन पावसाळ्याच्या दिवसांत किनाऱ्यावर दोनाऐवजी चार फुगे सुटावेत, ठाण्यांमधली अंतरे कमी व्हावीत, घाटाच्या कुशीत पर्जन्यमापक वाढावेत. एका फुग्याला आणि डबीला काही हजार रुपये लागतात हे खरे. पण एक वाडी पुन्हा वसवायला काय लागते ते माळीण आणि तळीये यांना विचारावे. आणि या सगळ्याच्या शेवटी एक अगदी स्वस्त गोष्ट लागते. ती आमच्या कोणत्याही यंत्रात बसत नाही.

सहाव्या वेळी लाल इशारा आला तेव्हा ताईची माणसे भिजत शाळेपाशी गेली आणि पाहतात तर दाराला कुलूप. किल्ली पलीकडच्या वाडीतल्या एका गृहस्थांकडे आणि मधला ओढा भरून वाहत होता. समुद्रावरची हवा मोजली, आकडे देशभर फिरले, महासंगणकाने गणित केले, इशारा वेळेवर पोहोचला, आणि सगळे येऊन अडले ते एका कुलपापाशी! त्या रात्री मंडळी शाळेच्या पडवीत गोणपाटे पांघरून बसली.

दुसऱ्या दिवशी ताई ग्रामपंचायतीत गेली. तिथे ती काय बोलली ते मला ठाऊक नाही. भावोजी म्हणतात, ते न विचारलेलेच बरे. पण त्या पावसाळ्यापासून जून लागला की शाळेची दुसरी किल्ली ताईच्या देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला असते.